फणीकाकांचा हात

“फणीकाका, फणी काढता ना?”

माझ्या डोक्यावर औषधाला केस नाही आणि एकतीस वर्षं हातात फणी! प्रयोगशाळेतल्या कुठल्याशा वात्रट पोरानं हे नाव ठेवलं, ते चिकटलंच. अगारोजची पांढरी पूड पाण्यात उकळायची, पारदर्शक झाली की साच्यात ओतायची, त्यात दात बुडतील अशी प्लास्टिकची फणी उभी करायची. अर्ध्या तासात थर जेलीसारखा गोठतो. फणी उचलली की दातांच्या जागी घरं राहतात. त्या घरांत पिपेटच्या बारीक नळीनं नमुन्याचे थेंब सोडून वीज लावली की डीएनए लाल टोकाकडे सरकतो, त्याचे पट्टे पडतात. नवीन कुणी आलं की साहेब सांगायचे, “हात बघायचा तर काकांचा बघा.”

आज फणी मी दोन्ही हातांनी काढली. निघाली एकदाची सुखरूप! लगेच हात खिशात घातले.

“थेंबही तुम्हीच सोडा,” पोरगी म्हणाली. पाच वर्षं इथं संशोधन करतेय, पण आज चेहरा पांढराफटक. “नमुना एवढाच उरलाय. परत मिळायचा नाही. माझा हात बघा कसा थरथरतोय.”

तीन महिने झाले, उजवा हात माझं ऐकत नव्हता. कपबशी वाजते म्हणून चहा सोडल्याची थाप मी सगळ्यांना मारली होती. नाही म्हणावं तर एकतीस वर्षांची अब्रू जाणार. हो म्हणावं तर हिची पाच वर्षं पाण्यात.

हात खिशातून काढून तिच्यासमोर धरला.

“बघ. तुझा भीतीनं हलतोय. भीती जाते. माझं हे काही जायचं नाही.”

“काका! कधीपासून?”

“चौकशा नंतर. कोपर टेकव. डाव्या हातानं मनगट धर. पिपेटचं टोक घराच्या तोंडाशी ने, तळाला भोसकू नकोस. श्वास सोड. आता हळू... हळू गं बये!”

निळा रंग मिसळलेला नमुन्याचा थेंब अलगद घरात बसला.

तासाभरानं अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली पट्टा उजळला, हवा तिथंच. पोरगी रडली. मीही रडलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असा मोलाचा थेंब दुसऱ्या कुणाच्या हातून सुटला होता.

“काका, चहा आणू?” डोळे पुसत तिनं विचारलं.

“आण.”

तिनं आणला. कप अर्धाच भरला होता.