खर्चुडीचा वकील

मनोर गावामागची टेकडी सपाट करून धाब्याच्या गाड्यांना जागा द्यायची, हे पंचायतीत जवळजवळ ठरलेच होते. मात्र वनखात्याच्या साहेबांनी तिथे एखादा दुर्मीळ जीव डोळ्यांनी पाहिला, तर टेकडी वाचणार होती.

निवृत्त मुख्याध्यापक अण्णा राऊत यांनी त्या उतारावर पाच वर्षे खर्चुडीची राखण केली होती. कंदिलासारखी फुले धरणाऱ्या त्या दुर्मीळ वेलीचे नाव त्यांच्या तोंडी नातवंडांहून अधिक येई. तारापूरच्या वीजकेंद्रात नोकरीला असलेला वर्ध्याचा केदार मात्र वनपिंगळ्याचा भक्त होता.

"शंभर वर्षं हरवलेला पक्षी आहे हा, अण्णा!"

"हरवणे हा गुण नव्हे, केदार. तुझा भटक्या जीप पाहताच उडेल. माझी खर्चुडी जागची हलत नाही. साक्षीदार असा असावा."

"हलत नाही, पण दिसते कुठं? तुम्हालाच दहादा चष्मा पुसावा लागते."

श्रावणात, वेल फुलते तेव्हा, येणार होते ते साहेब चैत्रात आले. वेल दिवाळीतच वाळून गेली होती. वाद जिंकण्याच्या भरात अण्णांनी त्याचा विचारच केला नव्हता. आता ते उघड्या कातळाकडे बोट दाखवीत उभे होते.

"आहे, साहेब. जमिनीखाली आहे."

"जमिनीखाली पुष्कळ काही असतं, गुरुजी."

मोळी उतरवून उभी राहिलेली पाड्यावरची जयवंती कोयता घेऊन पुढे सरसावली. "कंद हाय ना! खणून दावू काय? आमी लानपणी भाजून खायचो."

"खबरदार!" अण्णा कोयत्याच्या आड आले. खणावे तर पुरावा मिळतो, पण खर्चुडी मरते. न खणावे तर टेकडी जाते. साहेब जीपकडे वळले.

"केदार," अण्णा कुजबुजले, "तुझा तो पक्षी कुठे आहे?"

"कोण, भटक्या? उडाला असंल जीप पाहून."

"अरे, टेकडी चालली!"

केदारचे हसू मावळले. त्याने दुर्बीण डोळ्यांना लावली, पण पिंगळा आधी दिसला अण्णांनाच. भर उन्हात निष्पर्ण सागावर बसून, शेपटी झटकीत तो जीपच न्याहाळत होता. अण्णांनी साहेबांचा दंडच धरला. "तो पाहा! वनपिंगळा! जगात दुर्मीळ!"

फोटो निघाला. टेकडी वाचली. साहेब बॉनेटवर कागद ठेवून अहवाल लिहू लागले.

"एक दुरुस्ती," अण्णा वाकून म्हणाले. "नुसते 'सागावर' नको. 'खर्चुडीच्या उतारावरील सागावर' असे लिहा."

"अन् तिनंच त्याला आवतण धाडलं, हेबी लिहा," केदार म्हणाला.

"त्याचा पुरावा नाही," अण्णा गंभीरपणे म्हणाले.

ऊन मी म्हणत होते. साहेबांनी अण्णांचे वाक्य निमूटपणे लिहून घेतले.