शीतगृह रिकामं कर

आत्या पहाटे गेली आणि सकाळी काकांचा परदेशातून फोन आला. "शीतगृह रिकामं कर. मी परवा पोचतो. तोवर तिला तिथे ठेव."

आजोबांच्या नावाचा ट्रस्ट काकांचा, गावातलं सौर शीतगृह ट्रस्टचं आणि किल्ली माझ्याकडे, कारण माझा पगारही ट्रस्टचाच. आत टोमॅटो होते, साऱ्या गावाचा हंगाम. व्यापाऱ्याचा ट्रक परवा येणार होता. बाहेर असं ऊन, की संध्याकाळपर्यंत सगळ्याचा लगदा झाला असता.

"आत्याला एका कोपऱ्यात ठेवलं तर?" मी शीतगृहाच्या दारात जमलेल्यांना विचारलं.

"प्रेताशेजारचा माल कोण घेईल गं?" तोफ म्हणाली. गावाने हे नाव ठेवलेली ही बागायतदारांची पुढारीण. एरवी बोलायला लागली की कानठळ्या बसतात. आज ती हळू बोलत होती. तिच्यामागे सगळे दार अडवून उभे होते. "तुझी आत्या आमचीही होती. पण माल हलवू देणार नाही."

मोठ्या दवाखान्यात विचारलं, तर शवागाराचं यंत्र बंद. दैवही कसं हात धुऊन मागे लागतं!

दुपारी पुन्हा फोन. "झालं का रिकामं?"

"नाही, काका. माल सडेल."

"नुकसान मी भरून देतो."

"व्यापारी एकदा रिकामा परतला की पुन्हा फिरकत नाही. तो यावा म्हणून आत्याने चपला झिजवल्यात."

"ती माझी बहीण आहे!" काका ओरडले. "आणि शीतगृह माझं आहे. जमत नसेल तर किल्ली दुसऱ्याकडे दे."

माझं डोकंच फिरलं. शाश्वत विकासावर भाषणं ठोकायची आणि पहिल्याच अडचणीत मालकी काढायची! आत्या म्हणायचीच, "माझ्या भावाचं गावावर फार प्रेम. लांबून."

"किल्ली देणार नाही," मी म्हणाले. "दिवस मावळायच्या आत तिला निरोप देतोय. तुम्ही नसाल याचं मला फार वाईट वाटतंय, काका. पण थांबता येणार नाही."

नोकरी गेली असं मी धरूनच चालले.

मग काका म्हणाले, "फोन तिच्या कानाशी ठेव."

मी उशीवर फोन ठेवला आणि दाराकडे वळले. सभा गाजवणारे काका धाकट्या भावाच्या रडवेल्या आवाजात म्हणत होते, "ताई, रागावू नको ना. निघालोय गं मी. या वेळी खरंच निघालोय."