उघाडीजवळचा दगड

दगडाला शेंदूर लागला होता. तोही ताजा. शांतवन भिंगारदिवे यांनी खात्री करण्यासाठी बोट लावून पाहिलं, आणि बोट शेंदरी झालं. दगडापुढे फुटका नारळ, विझलेल्या उदबत्त्या आणि एक बत्तासा होता. बत्ताशाभोवती मुंग्यांची उपासना वेळेवर सुरू झालेली होती.

"सायेब, बसा. जागा झारून ठेवलीय तुमची," बांधावरून ठमाबाई ओरडली. ती कमरेला टोपली बांधून निवट्या, म्हणजे चिखलातले उड्या मारणारे मासे, पकडायला निघाली होती. तिचा आवाज वाऱ्याला न जुमानता दोन मिठागरं ओलांडून जाई, त्यामुळे तिचं बोलणं शांतवनना ऐकू येई. बाकीच्या जगाचं सहसा येत नसे.

"हे काय केलंय, ठमाबाई?"

"देव केलाय."

"कुणाचा?"

"आता सगल्यांचा. आदी तुमचा एकल्याचा व्हता."

शांतवन धाटावच्या एका कंपनीत बॉयलरवर होते. बॉयलरने त्यांचे दोन्ही कान घेतले होते आणि कंपनीने त्याबद्दल त्यांना कानांत घालायला कापूस दिला होता. राहायला पेणला, कारण बायको एस्तेरबाई तिथल्या दवाखान्यात नर्स. देवळात, म्हणजे चर्चमध्ये जायचं तर रोह्याला. तिथे मंडळीने नुकताच हॉल बांधून घेतला होता आणि हॉल झाल्यावर साहजिकच लाउडस्पीकर आणला होता. त्या लाउडस्पीकरमधून शांतवनना फक्त शिट्टी ऐकू येई. डोळे मिटले की आपण ड्युटीवरच आहोत असं वाटे, आणि एकदा तर ते भर प्रार्थनेत प्रेशर बघायला उठलेही होते. मंडळीला वाटलं, आत्म्याने उठवलं.

मग एका रविवारी ते सायकलवरून वडखळच्या पुढे, खाडीकडे गेले. कारण काही नव्हतं. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून तिथे गावाने मातीचा लांब बांध घातलेला आहे आणि त्या बांधात पाणी सोडायला-अडवायला लाकडी झडपेची उघाडी आहे. उघाडीजवळ ते टेकले. भरती लागत होती. पाणी येत होतं, पण येतंय असं कुणाला सांगत नव्हतं. चिखलातल्या बारीक रेघा भरल्या, तिवराच्या झाडांची मुळं बुडाली, निवट्या उड्या मारत वर सरकल्या, एका बगळ्याने जागा बदलली. एवढं मोठं काम चाललं होतं आणि आवाज नव्हता. बहिऱ्या माणसाचं त्यात काही हुकत नव्हतं. शांतवनच्या छातीत बऱ्याच वर्षांनी काहीतरी सैल झालं. ते "प्रभू" म्हणाले आणि पुढे काही म्हणायची गरज पडली नाही.

त्यानंतर ते तिथेच जाऊ लागले. अडचण एवढीच की देव त्यांना भरतीच्या वेळेला भेटे, आणि ती वेळ रोज सरकत असल्यामुळे पाळकसाहेबांच्या दहाच्या उपासनेशी जुळत नसे. बांधातून निसटलेला एक दगड त्यांनी उभा करून रोवला होता. त्याला छत्रीची दांडी टेके आणि पवित्र शास्त्राची पानं उडत नसत. सगळा उपयोग एवढाच. पण हात जोडून, डोळे मिटून दगडासमोर बसलेला माणूस लांबून कसा दिसतो, याचा विचार त्यांनी केला नव्हता.

गावाने केला होता. त्यात त्या पावसाळ्याच्या अखेरीस मोठं उधाण आलं आणि आजूबाजूच्या गावांचे बांध फुटून शेतांत खारं पाणी शिरलं. इथला बांध राहिला. उन्हाळ्यात गावचे जाणते म्हातारे दाजी यांनी सगळ्या गावाला जुंपून त्यावर नवी माती चढवून घेतली होती, पण स्वतःच्या घामापुढे नारळ फोडता येत नाही. शिवाय त्याच सुमारास देशभर गणपती दूध प्याले होते. त्या मानाने दगडाने बांध धरून ठेवणं ही फारच साधी गोष्ट होती. आणि पेण तालुक्यातल्या माणसाला देव घडताना पाहायची सवय असते. तो घडतो, रंगतो, ट्रकमधून मुंबईला जातो. एखादा जागेवरच राहिला तर कुणाची हरकत नव्हती.

हरकत रोह्याला निघाली. बातमी कंपनीच्या बसने गेली आणि पाळकसाहेब एसटीने पेणला घरी आले. गोष्ट खासगीत बोलायची होती, पण शांतवनना ऐकू जावं म्हणून त्यांना ती ओरडून बोलावी लागली. आळीतले लोक ओट्यावर येऊन बसले.

"भिंगारदिवे! तो शेंदूर पुसून टाका! दगड खाडीत टाका! आणि मंडळीसमोर दोन शब्द बोला!"

"मी पूजा केली नाही, साहेब."

"मला माहीत आहे! पण मंडळी विचारते! मंडळीच्या वडीलपदासाठी तुमचं नाव सुचवलं होतं आम्ही! आता प्रभुभोजनाचा पेलाही तुमच्या हातात कसा देऊ? माझीही अडचण समजून घ्या!"

पाळकसाहेब भले गृहस्थ होते. घसा बसेपर्यंत ओरडून झाल्यावर त्यांनी चहा घेतला आणि जाताना शांतवनच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात शांतवनना जास्त समजला.

एस्तेरबाई मात्र हळूच बोलल्या. तीस वर्षांच्या संसारात ओठ वाचता येतात.

"माझ्या बापानं नगरकडं गावोगाव पायी फिरून लोकांच्या पूजेतले दगड सोडवले. आणि तुम्ही एका गावाला नवा दगड दिलात."

"छत्री टेकवायला लावला होता गं."

"मग छत्री घरी ठेवायची."

 प्रभूच्या आठवणीसाठी मंडळी ज्यातून द्राक्षरस घेते तो पेला हातचा गेला तर काय, हे शांतवनना ठाऊक होतं. आईच्या मांडीवर बसून त्यांनी तो लांबून पाहिला होता आणि मोठं झाल्यावर तो आपल्याला मिळेल याची वाट पाहत ते मोठे झाले होते. पुढच्या रविवारी ते शेंदूर पुसायला रॉकेलचा बोळा खिशात घालून बांधावर गेले.

दगडाला आता झेंडूची माळही होती. दाजी, ठमाबाई आणि आणखी दोघी तिथे होत्या. शांतवननी खिशातला बोळा काढला आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं की हा देव नाही, छत्रीचा टेकू आहे.

दाजींनी शांतपणे ऐकलं. "म्हंजे यो नाय?"

"नाही."

"मंग तुमचा देव कुठं हाय?"

 शांतवननी हात उचलला आणि खाडी, तिवरं, पलीकडचे डोंगर, वरचं आभाळ असा सगळीकडे फिरवला. दाजींनी हाताबरोबर मान फिरवून सगळं नीट पाहिलं.

"त्या तर आमाला पन दिसते," ते म्हणाले. "पन त्याला नारल कुठं फोराचा?"

बायका हसल्या. शांतवनही हसले. मग ठमाबाईला त्यांच्या हातातला बोळा दिसला. रॉकेलचा वास तिला कळला असावा. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, इतका की शांतवनना तिच्या तोंडाकडे बघावं लागलं.

"पुसा सायेब. दगर तुमीच लावलाय, तुमचा हक हाय. पन बांधाच्या खाली पोरां घेऊन झोपतूं आमी. उधानाची रात म्हंजे डोला लागत नाय. यंदा लागला."

खाडीचं पाणी उघाडीच्या झडपेला टेकलं होतं.  शांतवननी बोळा परत खिशात घातला. पँटला रॉकेलचा डाग पडला, तो शेवटपर्यंत गेला नाही.

पाळकसाहेबांना त्यांनी स्वतः रोह्याला जाऊन सांगितलं. "पुसलं नाही. पुसवलं नाही."

"मग सध्या पेला राहू दे," पाळकसाहेब म्हणाले. या वेळी ते ओरडले नाहीत, तरी शांतवनना स्पष्ट ऐकू आलं.

प्रभुभोजनाच्या रविवारी एस्तेरबाई पांढरं पातळ नेसून एकट्याच रोह्याच्या एसटीला निघाल्या. दारात त्या थांबल्या, खुंटीवरची छत्री काढली आणि काखेत मारली. पाऊस संपून महिना झाला होता.

"मी नेते," त्या म्हणाल्या.

शांतवन मोकळ्या हातांनी बांधावर गेले. शास्त्रही घेतलं नाही. दगडाजवळ गर्दी होती, तिला वळसा घालून ते बांधाच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला उतरले आणि ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर बसले.

"तिथं नका बसू," ठमाबाई वरून ओरडली. "भरतीचा पानी येते. तिथं काय टिकाचा नाय!"

"तेच बरंय, ठमाबाई!"

तिने ती जागा वरून नीट पाहून घेतली आणि टोपली सावरून निघून गेली.

भरती लागली. रेघा भरल्या, मुळं बुडाली. कसलाच आवाज नव्हता. पाणी पावलांना लागलं तेव्हा शांतवन उठले. चिखलात बसल्याची खूण उमटली होती, ती त्यांनी पायाने नीट पुसून टाकली आणि पाय धुवायला उघाडीकडे गेले.

परत येऊन सायकल घेताना त्यांनी खाली पाहिलं. पुसलेल्या जागेच्या बरोबर मध्यभागी कुणीतरी तिवराची एक डहाळी खोचून ठेवली होती. दूरवर ठमाबाई पाठमोरी, फारच मन लावून, निवट्या शोधत होती.

शांतवन डहाळी उपटायला दोन पावलं उतरले आणि थांबले. पाणी तिच्या पहिल्या पानापर्यंत पोचलं होतं. सायकलपाशी परतून, हँडलवर हात ठेवून ते, शेवटचं पान बुडेपर्यंत, तिथेच उभे राहिले.