आत्याच्या ओव्या आणि माझं नवं डोकं

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो. अंग पिवळट पडलंय, पंखा गंजून गेलाय आणि नेवाशाच्या एका माळ्यावर माझ्या डोक्यावर रिकामी खोकी रचून ठेवतात. ठेवू देत बापडे. पण एके काळी लोक चपला काढून माझ्यासमोर बसायचे, हेही ऐकून ठेवा.

पुण्याच्या एका दुकानात सुटे भाग जोडून मला उभं केलं. प्रवीणने मला एसटीतून मांडीवर धरून नेवाशाला आणलं. त्याची थोरली बहीण सीमा टायपिंग सेंटर चालवायची. अर्ज, लग्नपत्रिका, जयंतीची पत्रकं, सगळं तिने माझ्यावर मराठीत टाईप केलं. लोक म्हणायचे, काय अक्षर आहे पोरीचं! अक्षर माझं आणि कौतुक तिचं. मला त्याचा राग नाही. बरं, थोडा आहे.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की या दोघांची आत्या, भिमाबाई, शेजारी येऊन बसायची. तिनेच त्यांना लहानाचं मोठं केलेलं. तिच्या ओव्या तिच्या स्वतःच्या होत्या: उसाच्या फडातल्या, पाटी हाती न आलेल्या पोरींच्या, बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन घरी आलेल्या बापाच्या. दोन ओळींच्या प्रत्येक ओवीच्या शेवटी ती सीमाचं नाव गुंफायची. ती म्हणायची आणि सीमा टाईप करायची. "तुजं डबडं लई कान दिऊन ऐकतंय गं," असं ती हसून म्हणे. मला डबडं म्हणणं फक्त तिलाच शोभायचं.

मग एक दिवस आत्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. आता त्या ओव्या माझ्या पोटात तेवढ्या उरल्या. प्रवीणने एका फ्लॉपीत त्यांची नक्कल करून ठेवली होती, म्हणून दोघं निर्धास्त होते. पुढे एकदम पुस्तकच काढू, म्हणून कागदावर छापणं मात्र राहून गेलं.

सत्त्याण्णव साल उजाडलं. शिकायला येणारी मुलं नवी सिस्टीम आहे का विचारायची आणि नाही म्हटलं की पाठ फिरवायची. शेवटी प्रवीणने नगरहून कानिफनाथ नावाच्या मेकॅनिकला बोलावलं. सीमाने माझ्यावरची धूळ पुसली आणि आत्याला खुर्चीत आणून बसवलं.

कानिफनाथ एकामागून एक फ्लॉप्या माझ्या तोंडात सारू लागला. माझ्या डोक्यात काय उलथापालथ चालली होती म्हणून सांगू! पडद्यावरची निळी पट्टी सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची. मध्येच बल्ब मंद झाला. वीज गेली असती तर मी ना जुना राहिलो असतो ना नवा. बल्ब पुन्हा उजळला आणि एकदाची नवी सिस्टीम सुरू झाली. प्रवीणने टाळी वाजवली.

सीमाने लगेच ओव्यांची फाईल उघडली आणि तिचा चेहरा उतरला. मराठीचा मागमूस नव्हता. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, नुसती गिचमीड. प्रवीण फ्लॉपी आणायला धावला. ती त्याने मोठ्या मानाने उंचावर ठेवलेली, जयंतीच्या लाऊडस्पीकरच्या खोक्यावर, फुलं वाहिलेल्या तसबिरीशेजारी. त्या खोक्यात केवढं लोहचुंबक असतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. माझ्या तोंडात सारून पाहिली, तर फ्लॉपी पार पुसली गेली होती.

कानिफनाथलाही घाम फुटला. फाईल खराब झाली, आता डिस्क पूर्ण पुसून पहिल्यापासून सगळं बसवू, दुसरा इलाज नाही, असं तो म्हणाला. मित्रांनो, मला सगळं कळत होतं. ओव्या जशाच्या तशा माझ्यात होत्या, फक्त त्यांना दाखवणारा मराठी फॉन्ट नव्या सिस्टीमला सापडत नव्हता. पण मी बोलणार कसा? पडद्यावर प्रश्न आला: सगळं पुसायचं का? कानिफनाथचं बोट होकाराच्या बटणाकडे गेलं. माझा जीव नुसता तडफडत होता.

"भाऊ, हात लावू नका." सीमा उठली होती. तिने पुन्हा तीच फाईल उघडायला लावली आणि पडद्यावर बोट ठेवलं. दर दुसऱ्या ओळीच्या शेवटी चिन्हांचा तोच पुंजका येत होता. "हे माझं नाव आहे. आत्या प्रत्येक ओवीत घालायची. ओव्या गेल्या नाहीत."

मग धावपळ उडाली. कपाटातून मराठी फॉन्टची जुनी फ्लॉपी निघाली. तिला पहिल्यांदा मी नाकारलं, दुसऱ्यांदा कुरकुरलो आणि मग घेतलं. ओळी एकेक करून मराठी झाल्या. सीमा हुंदके देत मोठ्याने वाचू लागली. आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, डावा हात मांडीवर ठेका धरत होता.

वाचत वाचत सीमा शेवटच्या ओवीपाशी आली. "वाट शाळेची चढाची, पायी मोडला गं काटा..." पुढे काहीच नव्हतं. आत्या आजारी पडली त्या दुपारी तेवढंच टाईप झालं होतं.

"पुढं काय गं, आत्या?" सीमाने विचारलं.

आत्याचे ओठ हलले. खूप वेळ हलले. आवाज आला नाही.

सीमाने त्याच दिवशी सगळ्या ओव्या छापून घेतल्या. शेवटच्या ओवीखाली तिने जागा कोरी सोडली.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांना जपा, डोकं बदलण्याआधी पोटातलं कागदावर उतरवून घ्या. पण त्याआधी एक करा. घरातलं म्हातारं माणूस काही सांगत असेल, तर हातातलं काम टाकून ऐका. मला दिलेलं मी जपून ठेवीन. जे मला कुणी दिलंच नाही, ते मी तुम्हाला कुठून काढून देऊ?