यशराजच्या नावाचा नारळ

आमच्या पेठेला सहा फूट पाच इंचांच्या पोराचे दोनच उपयोग माहीत आहेत. एक, गणपतीच्या मांडवाला माळा लावायच्या आणि दुसरा, फुटबॉलच्या गोलात उभं राहायचं. माझा धाकटा भाऊ यशराज बास्केटबॉल खेळून पगार घेतो, हे लोकांना अजून पटलेलंच नाही. "जाळीत बॉल टाकायचा पगार देत्यात व्हय?" असं विचारतात आणि खिदळतात. मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

पुण्याच्या एका संघानं त्याला मागच्या वर्षी घेतलं. जवळजवळ सगळा मोसम पोरगा बाकावर बसून होता. शेवटी शेवटी उतरवलं, तेव्हा असा खेळला की पुढच्या करारासाठी बोलावणं आलं. सोमवारी तंदुरुस्तीची चाचणी, त्यात पास झाला तरच सही. तोवर दुसरा कुठलाही खेळ खेळायचा नाही, असं प्रशिक्षकांनी बजावलं होतं. म्हणून विश्रांतीला घरी आला, आणि नेमका तेव्हाच आमच्या मंडळाच्या गोलकीपरचा गुडघा गेला. रविवारी फायनल, तीही पलीकडच्या पेठेशी.

शुक्रवारी मंडळाचे अध्यक्ष ज्ञानूकाका चारपाच जणांना घेऊन आले, हातात नारळ. आमच्या मंडळाची रीतच आहे. फायनलआधी ज्याच्या घरी नारळ येतो, तो गडी खेळणार. तोच नारळ त्यानं मैदानात गोलपुढं फोडायचा. घरातल्या मोठ्या माणसानं नारळ घेतला की विषय संपला, परत द्यायची सोय नाही. आणि आमच्या घरातलं मोठं माणूस म्हणजे आमचे वडील, आप्पा. तरुणपणी मंडळाचा गोल त्यांनीच राखला. पेठ त्यांना अजून सयाजी गोली म्हणते.

आप्पांनी यशराजला विचारलंसुद्धा नाही. दोन्ही हातांनी नारळ घेतला, कपाळाला लावला, आणि वर डोळ्यांत पाणी!

"आप्पा, सोमवारी चाचणी हाय त्याची!" मी ओरडले.

"रविवारी मॅच हाय. सोमवार त्याच्या मागनं येतोय," आप्पा म्हणाले.

आवाज ऐकून यशराज आतून आला. "काका, मला न्हाय जमायचं. बोट जरी मोडलं तरी करार गेला."

"बोट?" ज्ञानूकाका उसळले. "तुज्या बापाची बोटं बघ, किती वाकडी हायती. कधी रडला का? चौकात पेठेनं तुजा बोर्ड लावला, तवा गोड लागलं की!"

त्या बोर्डावर यशराजपेक्षा ज्ञानूकाकांचा फोटो मोठा होता. पण हे त्यांना कोण सांगणार?

ते गेल्यावर आप्पा यशराजला म्हणाले, "नारळ घेतलाय म्या. उतरला न्हाईस, तर मला पेठंत त्वांड दाखवाय जागा न्हाय."

यशराज शनिवारभर देवापुढच्या त्या नारळाकडे बघत बसला. धड जेवला नाही. हा खेळणार, हे मला कळून चुकलं. बापाला नाही म्हणायचं बळ त्या एवढ्या मोठ्या अंगात नव्हतं. माझ्या अंगात राग मात्र भरपूर होता.

रविवारी सकाळी आप्पा मंडळाच्या तालमीत गेले. मी यशराजची बॅग उचलली, नारळ पिशवीत टाकला आणि त्याला स्कूटरवर मागे बसवून स्टँड गाठला. पुण्याची एसटी उभीच होती.

"क्रांते, आप्पा काय म्हणतील?"

"आप्पांचं माझ्याकडं लागलं. चढ तू."

तो चढला. मी एसटीच्या पुढच्या चाकाजवळ दगडावर नारळ आपटला. एका दणक्यात फुटला. ड्रायव्हरनं हात जोडले आणि खोबऱ्याचा तुकडाही मागून घेतला. उरलेली भकलं घेऊन मी घरी आले, देवापुढं ठेवली आणि आप्पा आल्यावर सरळ सांगून टाकलं.

आप्पांनी हात उगारला नाही. "नाक कापलंस माझं," एवढंच म्हणाले. प्रसाद पुढे केला, तर ताटली ढकलली. मॅचलाही गेले नाहीत.

संध्याकाळी आमची पेठ हरली. बदली गोलकीपरच्या डोक्यावरून बॉल आत गेला. यशराजनं तो उडी न मारता अडवला असता, हे मलाही कळतं. पण म्हणून काय झालं?

थोड्याच वेळात गल्ली भरली. "गद्दार!" "मंडळाचा नारळ खाल्ला!" मी दारात उभी राहून तोंडाला तोंड देत होते. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी खिळ्यांचा बूट माझ्या दिशेनं भिरकावला.

आप्पा खुर्चीतून कधी उठले, कळलंच नाही. मला त्यांनी बाजूला लोटलं आणि हात पसरून दारात उभे राहिले. बूट तोंडावर येत होता. त्यांनी तो दोन्ही हातांत झेलला आणि छातीशी धरला. गर्दीतून ज्ञानूकाका पुढं झाले.

"सयाजी," ते म्हणाले, "आजपासनं तालमीची पायरी चढायची न्हाय."

"न्हाय चढत."

आप्पांनी बूट गर्दीत परत फेकला आणि दार लावून घेतलं. दाराला पाठ टेकून उभे राहिले.

मग म्हणाले, "क्रांते, ते खोबरं आण."