वैशाखातला कोट

वैशाख. अमरावतीच्या माथ्यावर ताम्रवर्ण, तप्त, निर्दय वैशाख. पोहऱ्याच्या टेकड्या भाजून काळवंडलेल्या, बहाव्याचे पिवळेधमक घोस वाऱ्याविना ताटकळलेले, आकाशाची निळाई उडून नुसता पांढरा रंग उरलेला. अशा दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. आणि अशा दुपारी माणसं सूट शिवायला निघतात.

का, तर म्हणे रीत आहे. नवऱ्या मुलाचा सूट मुलीच्या बापाने शिवून द्यायचा. कापड मुलाने निवडायचं, बापाने मान डोलवायची. ही रीत कुणी काढली देव जाणे. ज्याने काढली त्याला मुलगी नसावी, आणि लाज तर नसावीच.

त्या रीतीपायी महादेवराव इंगोले, निवृत्त शाळामास्तर, दर्यापूरकडच्या खेड्यातून सकाळच्या एसटीने आले होते. अंगात शुभ्रधवल सदरा, चेहऱ्यावर वरपक्षासमोर धरायचं ते कायमचं हसू. बरोबर लेक प्रांजली. तिची आधीची दोन स्थळं जमून मोडली होती. म्हणून हे तिसरं महादेवराव काठोकाठ भरलेल्या पातेल्यासारखं जपत होते. पाऊल जपून टाकायचे, शब्द जपून बोलायचे.

प्रांजलीने होणाऱ्या नवऱ्याला चहापोह्यांच्या वेळी पाहिलं होतं, पुढे फोनवर ऐकलं होतं. तेवढ्यावरून माणूस कळत नाही. तिला एकच पाहायचं होतं, हा आपल्या बाबांशी कसा वागतो. बाकी सगळं ती चालवून घेणार होती. मनाची तशी तयारी करूनच ती एसटीत बसली होती.

आणि मग हर्षल तायडे गाडीतून उतरला. अहाहा, काय तो थाट. अत्तरगंधित, केशरचनादक्ष, स्वरूपमुग्ध. गाडीच्या काचेत त्याने आधी स्वतःला पाहिलं, शिंप्याच्या दुकानाच्या काचेत पुन्हा स्वतःला पाहिलं, आणि मग उरलीसुरली नजर सासऱ्याकडे टाकली. चांगला तासभर उशीर झाला होता, त्याबद्दल अवाक्षर नाही. नमस्कार तर सोडाच, स्वारीने नुसती हनुवटी उचलली. हात जोडले ते महादेवरावांनीच.

दुकानात वीज गेलेली. पंखा निपचित, हवा निपचित, तागे निपचित. दुकानाचे मालक भगवंत मास्तर मोठं गिऱ्हाईक दिसलं की पाघळायचे, तसे पाघळले. त्यांनी ताग्यांमागून तागे उलगडले. मेघश्याम, धूम्रवर्ण, रात्रीच्या डोहासारखा गर्द निळा. हर्षलने प्रत्येकाला बोटाचं टोक लावलं आणि प्रत्येकाला नाक मुरडलं. जन्मभर जणू हा रेशमातच लोळला होता.

"मला बिझनेस सूट पाहिजे," तो म्हणाला. "लग्नात एक दिवस घालीन. खरा घालायचाय तो परदेशी क्लायंटसमोर. थ्री-पीस, आणि कापड लोकरीचंच."

लोकर. वैशाखातल्या अमरावतीत लोकर. महादेवरावांनी मान डोलवली.

भगवंत मास्तरांनी खुंटीवरून लोकरीचा नमुन्याचा तयार सूट काढला. "आतलं जाकीट आणि कोट अंगात घालून बघा साहेब. कसा दिसतो ते ध्यानात येईल, मग माप घेऊ."

"एवढ्या उकाड्यात? शर्ट भिजेल माझा." हर्षलने आजूबाजूला पाहिलं. खुर्ची पाहावी तसं महादेवरावांना पाहिलं. "काका, तुम्ही घाला ना जरा. मला लांबून बघू द्या."

म्हातारा क्षणभर बावरला. मग तेच हसू पुन्हा ओठांवर आलं. "हो, हो. काहून नाही जावाईबापू."

शुभ्र सदऱ्यावर निळं जाकीट चढलं. जाकिटावर निळा कोट चढला. अस्तरावर अस्तर, उबेवर ऊब, वैशाखावर वैशाख. कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत आल्या, खांदे दोन्ही बाजूंनी ओघळले. ज्या माणसाने उभ्या गावाला पाढे शिकवले, तो माणूस त्या कोटात दुकानाच्या मधोमध उभा राहिला.

"हात पसरा," हर्षल म्हणाला. महादेवरावांनी हात पसरले.

"वळा." ते वळले.

"अजून वळा. वाकू नका हो, कोट बिघडतो."

ते वळत राहिले. कपाळावर घाम, कानशिलांवर घाम, भुवयांवरून डोळ्यांत घाम. हात पसरलेले, त्यामुळे पुसायचीही सोय नाही. प्रांजली रुमाल घेऊन उठली, तर त्यांनी डोळ्यांनीच तिला दटावलं. बस, म्हणाले ते डोळे, होऊ दे यांच्या मनासारखं. ती बसली. बसल्याची तिला लाज वाटली.

तेवढ्यात साहेबांनी फोन काढला. पुण्याच्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन महादेवरावांसमोर धरला. डोक्यापासून पायांपर्यंत, पायांपासून डोक्यापर्यंत सावकाश फिरवला. "ताई, कसा वाटतो? फक्त कोट बघ."

फोनमधून आवाज आला, स्वच्छ, खणखणीत, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा. "कोट छान आहे रे. खुंटी तेवढी बदल."

हर्षल हसला. खो खो हसला, डोळ्यांत पाणी येईतो हसला. भगवंत मास्तर हसले, गिऱ्हाईक हसलं म्हणून हसले.

आणि महादेवराव हसले. हात पसरलेले, डोळे घामाने चुरचुरत असलेले, तरी हसले. लेकीचं जमलेलं मोडू नये म्हणून बाप स्वतःलाच हसला. हर्षलसारखे पैशाला पासरी मिळतात, त्यांची नुसती किळस येते. पण त्या म्हाताऱ्याचं हसणं बघवत नाही.

प्रांजली उठली. या वेळी डोळ्यांचं दटावणं तिने पाहिलंच नाही. तिने बाबांचे हात हलकेच खाली घेतले. कोटाचं एक एक बटण सोडवलं, जाकिटाचं एक एक बटण सोडवलं, आणि ते लोकरीचं ओझं हर्षलच्या इस्त्रीच्या शर्टावर नेऊन टाकलं.

"तुमचा सूट तुम्ही शिवा," ती म्हणाली. "हे लग्न होणार नाही."

हर्षलचं हसू तोंडात अडकलं. "एवढ्याशा गमतीवरून? अगं, ते स्वतःसुद्धा हसले."

"म्हणूनच," प्रांजली म्हणाली.

भगवंत मास्तर ताग्यांच्या घड्या घालू लागले. हर्षल पुढे पुष्कळ बोलला. आमच्या घराण्याची बदनामी, तुमचं खेडवळ वळण, परत बोलवायला याल तेव्हा बघतो. त्यातलं एकही वाक्य इथे टिपण्याच्या लायकीचं नाही.

बाहेर ऊन पांढरं, प्रखर, पाषाणहृदयी. महादेवराव झपाझप पुढे चालले. लेकीकडे वळूनही पाहिलं नाही. रस्ताभर प्रांजली त्यांच्या मागे चालली. तिला बाबांच्या रागाची भीती वाटत होती. त्यांनी घरी आईला काय सांगायचं, गावाला काय सांगायचं, सगळं तिला कळत होतं. आपण चुकलो का, असं ती पावलागणिक स्वतःला विचारत होती.

स्टँडच्या अलीकडे कडुनिंबाची सावली होती. तिथे ते थांबले. पाठमोरेच राहिले. मग बोलले, लहान मुलाने कबूल करावं तसं.

"लय गरम होत होतं मले, पोरी, त्या कोटात."

प्रांजली त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. कडुनिंब हलला. कुठून तरी वारा आला, कोरडा, उष्ण, पण वारा. महादेवरावांच्या पाठीला चिकटलेला सदरा त्या वाऱ्याने हळूच सुटला, फुगला, पुन्हा टेकला, पुन्हा सुटला. ओल आटत गेली, आटत गेली, आणि त्या शुभ्र पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटत राहिल्या, एक, आणि मग आणखी एक.