काचेचं कौल

पितृपक्षात कुणी घर बदलत नाही. रूपालीनं बदललं. द्वितीयेच्या दिवशी टेम्पोत एक कपाट, गॅसची शेगडी, दोन पोती भांडी आणि नऊ वर्षांची लेक ज्ञानू घालून ती बोईसरच्या सासरच्या खोलीतून निघाली. सासू रखमाबाई दारात आडवी उभी होती. या पंधरवड्यात पितर घर हुडकत येतात, आणि तू घरच हलवतेस, असं म्हणाली. रूपालीनं पोतं डोक्यावर घेतलं. हुडकतच येतात ना, म्हणाली, मग नवंही सापडेल त्यांना.

विक्रम, तिचा नवरा, दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेला. तेव्हापासून त्या खोलीत तिची जागा ठरून गेली होती: मोरी आणि धान्याचं पिंप यांच्या मधली. पाहुणे आले की विधवेनं तिथंच बसायचं. दिवसाही तिथं बल्ब लागे, आणि लावला की सासू म्हणे, कुणाच्या तोंडाला उजेड हवाय? कारखान्यात रूपाली गोळ्यांची पाकिटं तपासायची, लखलखीत दिव्याखाली आठ तास. घरी आली की डोळ्यांना पुन्हा अंधार शिकवावा लागे.

एका स्टेशनावरच्या उमरोळीचं घर भाड्याचं, मालकीण जिवलीमावशी. दोन खोल्या, वर कौलं. भाडं इतकं कमी का, ते आत गेल्यावर कळलं. आधी तिथं रात्रपाळीची चार पोरं राहायची. दिवसा झोप यावी म्हणून त्यांनी बाहेरच्या खोलीच्या खिडकीला काळा कागद डकवून वर पुठ्ठे ठोकले होते. स्वयंपाकघराला तर खिडकीच नव्हती. मागची भिंत शेजारच्या घराला चिकटलेली, आणि स्टोव्हच्या धुरानं चारही भिंती तव्याच्या बुडासारख्या.

ज्ञानू उंबऱ्यात थबकली. "आई, इथं पण?"

रूपालीनं पदर खोचला, उलथनं घेतलं आणि खिडकीवरचा पहिला खिळा उपटला. कागद निघताना टराटरा फाटला आणि पिवळं ऊन खोलीत असं घुसलं की कोपऱ्यातली पाल दचकून पळाली. ज्ञानू हसली. ते हसू ऐकूनच रूपालीनं त्या रात्री बादलीत चुन्याचे खडे भिजत घातले, सकाळी त्यात चिमूटभर नीळ टाकली, आणि दोघींनी काथ्याच्या कुंच्यानं भिंती पांढऱ्या केल्या. हात चरचरत होते. रूपाली गुणगुणत होती. ओवी तिची तिलाच सुचत होती:

अंधाराच्या घरी, सूर्य पाहुणा बोलाविला
शेगडीच्या शेजारी, पाट त्याला मी मांडिला

बाहेरची खोली उजळली. स्वयंपाकघर मात्र पांढरं होऊनही काळंच राहिलं. जिवलीमावशीनं सांगितलं, गोठ्यात काचेचं एक कौल पडून हाय, पायजे तर घे, मी शेतावरून आले की बसवू. रूपालीला धीर नव्हता. मावशी शेतावर गेली तशी तिनं शिडी लावली आणि स्वतःच वर चढली. रस्त्यावरून जाणारे मान वर करून बघत होते. बघेनात का.

तिचं माहेर बीडकडचं, सपाट मातीच्या छताच्या धाब्याच्या घरांचं. तिथं उजेडाला छतात हातभर भोक ठेवतात आणि पाऊस आला की त्यावर घमेलं पालथं घालतात. कौलाला वर-खाली असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. शेगडीच्या बरोबर वरचं एक कौल तिनं काढलं, काचेचं सरकवलं, बसलं असं वाटलं, उतरली. खाली ओट्यावर उन्हाचा चौकोन पडला होता, परातीएवढा. ज्ञानूनं त्यात तळहात धरला आणि म्हणाली की ऊब लागते.

षष्ठीला पाऊस आला आणि त्या चौकोनातूनच धार लागली. पिठाचा डबा भिजला, चुना ओघळला.

नेमका दुसऱ्या दिवशी दिग्विजय आला, धाकटा दीर. माणूस वाईट नव्हता. भावाच्या माघारी घराचा कर्ता झाला होता आणि ते ओझं आवाजात घेऊन फिरायचा. त्यानं ओला ओटा बघितला, उघडी खिडकी बघितली. एकट्या बाईनं अशी खिडकी सताड ठेवायची नसते, म्हणाला. मग मुद्द्यावर आला. उद्या अष्टमी, दादाची तिथी. पान बोईसरलाच मांडायचं. या घरी पितर यायचे नाहीत.

पान इथंच मांडणार, रूपाली म्हणाली, तुम्ही जेवायला या.

"आणि कावळा नाही शिवला तर?" दिग्विजयनं विचारलं. "मग दादाला हे घर मान्य नाही असं समजायचं, वहिनी. ज्ञानूला मी घेऊन जाईन. तिची शाळा तिकडंच आहे. तुमचं तुम्ही बघा."

ज्ञानू दाराआड उभी राहून ऐकत होती. रूपालीला ते दिसलं.

संध्याकाळी जिवलीमावशीनं शिडीवरून कौल बघितलं आणि खाली बसून पोट धरून हसली. "बाय माजी, तुमच्याकडं पाऊस पडत नाय का?"

"पडतो मावशी. वाट चुकला की."

मावशीनं तिलाच पुन्हा वर चढवलं आणि खालून सांगत राहिली. कौलाचं डोकं वरच्याच्या पोटाखाली घाल, पाय खालच्याच्या पाठीवर ठेव. आमी पोरं निजवतो तशी निजव. रूपालीनं ते उलटं घातलं होतं. पाणी सरळ आत शिरणारच. या वेळी कौल खट्ट करून बसलं. मावशीनं वर तांब्याभर पाणी फेकायला लावलं. खाली थेंब नाही.

अष्टमीला ऊन पडलं. रूपालीनं रजा टाकली होती. खीर, वडे, कढी, अळूची भाजी, विक्रमला आवडणारी गवारही. शिडी चढून तिनं पान कौलावर ठेवलं, काचेच्या जरा वर. दिग्विजय बाहेरच्या खोलीत खिडकीशी पाटावर बसला. बारा वाजले. एक वाजला. माडावर कावळे होते, पण पानाकडं एकही येईना. दिग्विजयनं अंगणात जाऊन हाका घातल्या आणि परत येऊन बसला.

"रुसलाय दादा," तो हळूच म्हणाला.

ज्ञानू भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. रूपालीनं तिच्याकडं पाहिलं, ताट घेतलं आणि ओट्यावरच्या उजेडात ठेवून वाढायला लागली.

"वहिनी, कावळा शिवायच्या आधी?"

"भावजी, तुमच्या दादांनी लेकीला एवढा वेळ उपाशी ठेवलं असतं का?"

भावाला दिग्विजयही ओळखत होता; स्वतःच्या पानातला वडा लेकीच्या पानात सरकवणारा तो माणूस.

रूपालीचा हात थांबला नाही. आवाज चढलाही नाही. "कावळा आज नाही शिवला, सर्वपित्रीला नाही शिवला, तरी ज्ञानू इथंच राहील. शाळेला एक स्टेशन जायचंय, जाईल. त्या पिंपाशेजारी मी माघारी यायची नाही, तिलाही बसू द्यायची नाही. तुम्ही आता जेवून घ्या. खीर निवतेय."

ज्ञानूनं ताट घेतलं आणि ओट्याशी बसून घास घेतला. दिग्विजय पाटावरून उठला. त्यानं अंगणात पाय धुतले, स्वयंपाकघरात आला आणि पुतणीच्या शेजारी बसला. बसताना त्यानं इकडंतिकडं पाहिलं, जणू खोली आत्ताच दिसली.

जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा काचेवर टकटक झालं. ओट्यावरच्या उन्हाच्या चौकोनात एक सावली उतरली, दोन पावलं चालली, मान वाकवली. ज्ञानूनं वर पाहिलं. दिग्विजयचा घास हातातच राहिला. कावळा होता की कबुतर, त्या धुरकट काचेतून सांगता येत नव्हतं.

रूपाली बघायला उठली नाही. तिनं पळी बुडवली आणि दिराच्या पानात आणखी खीर वाढली.